रिपोर्ट यायचा आहे, तोवर बाबांना काय सांगू?

ताई, नमस्कार. मी मानेवाड्याला राहते, वय ३१. माझे बाबा ५९ वर्षांचे, एस.टी.च्या कार्यशाळेत मेकॅनिक होते. तीसेक वर्षं खर्रा (तंबाखू, सुपारी आणि चुना घोटून केलेलं मिश्रण) खाल्ला. उजव्या गालात आतून जखम झाली, ती भरेचना, तपासलं तर कॅन्सर. ऑपरेशन होऊन आज बारा दिवस झाले. गालाचा भाग, जबड्याच्या हाडाची कड आणि मानेतल्या गाठी काढल्या, छातीचं मांस घेऊन गाल बनवला. आता घरी आहेत. नाकात नळी आहे, बोलता येत नाही, पाटीवर लिहितात. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट आला की पुढचं बोलू. दहा दिवसांत येणार होता, आता लॅबवाले म्हणतात अजून पाच-सहा दिवस लागतील. शेजारच्या काकू म्हणाल्या, उशीर होऊन राहिला म्हणजे काहीतरी वाईटच असेल. रात्री मी मोबाइलवर टक्केवाऱ्या शोधत बसते आणि मग झोप लागत नाही. मोठे बाबा (बाबांचे थोरले भाऊ) आणि पुण्याचा दादा यांनी ठरवलं आहे की रिपोर्ट काहीही येवो, बाबांना 'सगळं साफ आहे' एवढंच सांगायचं. पण बाबा रोज पाटीवर 'रिपोर्ट?' लिहितात आणि माझ्याकडे पाहत राहतात. आई म्हणते, मानेत गाठ दिसत नव्हती तर मान कशाला कापली? आणि चिडली की म्हणते, यांनी स्वतःच ओढवून घेतलं. चुलतभाऊ भेटायला आला तोही खर्रा खाऊनच. पुढच्या आठवड्यात तान्हा पोळा आहे, घरात कोणी नाव काढत नाही. मला काही सुचून नाही राहिलं. बाबा किती दिवस आहेत, हे कोणी सांगेल का?
— एक मुलगी, नागपूर

प्रिय बेटा,

रिपोर्टला उशीर म्हणजे रिपोर्ट वाईट, असं नसतं. हे आधी लिहिते, कारण आजच्या रात्री तुला त्याचीच गरज आहे. तुझ्या बाबांच्या रिपोर्टला उशीर का होतोय, त्याचं बहुधा कारण तुझ्या पत्रातच आहे: जबड्याचं हाड.

मी डॉक्टर नाही. पण या सदराकडे विदर्भातल्या घरांमधून अशी पत्रं सतत येतात आणि त्या निमित्ताने मी जाणकारांना विचारून बरंच समजून घेतलं आहे. लॅबमध्ये या दिवसांत काय चालतं ते तुला सांगते. काय चाललंय तेच माहीत नसलं की त्या रिकाम्या जागेत शेजारच्या काकूंचं वाक्य येऊन बसतं.

ऑपरेशनमध्ये काढलेला भाग फॉर्मलिनमध्ये ठेवतात. फॉर्मलिन आतपर्यंत मुरायला एक-दोन दिवस लागतात. मग पॅथॉलॉजीचे डॉक्टर तो भाग मोजतात आणि त्याच्या कडांना शाई लावतात, म्हणजे पुढे सूक्ष्मदर्शकाखाली खरी कड कुठली ते ओळखता यावं. मानेतून काढलेल्या चरबीत बोटांनी चाचपून एकेक लसिकाग्रंथी शोधतात. आपण ज्यांना मानेतल्या गाठी म्हणतो त्या याच. छोटे तुकडे करून त्यांच्यातलं पाणी काढतात, मेण भरतात, आणि त्या मेणाच्या वडीतून तीन-चार मायक्रॉनचे काप घेतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मग ते काप रंगवून काचेवर तपासले जातात. मांस असं कापता येतं, हाड येत नाही. हाडातलं कॅल्शियम आधी आम्लात किंवा दुसऱ्या द्रावणात ठेवून काढावं लागतं, आणि ते मऊ व्हायला कितीतरी दिवस जातात, कधी दोन आठवडेसुद्धा. घाई केली तर पेशी बिघडतात आणि जे वाचायचं तेच वाचता येत नाही. शिवाय एखाद्या कापात शंका आली तर डॉक्टर आणखी काप मागवतात किंवा सहकाऱ्याला दाखवतात. असा उशीर बाबांच्याच भल्याचा आहे. उद्या लॅबला फोन करून एवढंच विचार: 'हाडाच्या भागामुळे थांबलंय का?' बहुतेक वेळा सरळ उत्तर मिळतं.

आणखी एक गोष्ट. हा रिपोर्ट उद्या सकाळी हातात आला तरी पुढचा उपचार उद्या सुरू होणार नव्हता. रेडिएशन लागलंच तर आधी टाके, मान आणि छातीची जखम भरून यावी लागते. ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत ते सुरू व्हावं, असा प्रयत्न असतो. बाबांचे दोन आठवडेही झालेले नाहीत. म्हणजे या पाच-सहा दिवसांत तुझ्या बाबांची संधी हातातून निसटत नाहीये. तुला तसं वाटत असणार, म्हणून स्पष्ट लिहिते.

आता रिपोर्टमध्ये काय असेल ते. पहिल्या बायोप्सीने कॅन्सर आहे की नाही एवढं सांगितलं. हा रिपोर्ट तो किती पसरला होता आणि किती निघाला ते सांगतो. त्यात पुष्कळ ओळी असतील, पण तू चार जागी बघ. पहिली, कॅन्सरची खोली. तो पृष्ठभागावर किती सेंटिमीटर होता याइतकंच, खाली किती मिलिमीटर उतरला होता हे महत्त्वाचं असतं. ५ आणि १० मिलिमीटर या दोन मर्यादांवर टप्पा बदलू शकतो. दुसरी, मार्जिन, म्हणजे काढलेल्या भागाच्या कडा. कॅन्सर कडेपासून ५ मिलिमीटर किंवा जास्त दूर असेल तर कड मोकळी म्हणतात, त्याहून जवळ असेल तर 'क्लोज', आणि कडेपर्यंत पोचला असेल तर 'पॉझिटिव्ह'. तिसरी, गाठी. तिथे एक अपूर्णांक असेल. समजा ०/२६ लिहिलं असेल, तर २६ गाठी तपासल्या आणि एकीतही सापडलं नाही. २/२६ असेल तर दोनमध्ये सापडलं. चौथी ओळ त्याच्याच जवळ असते: गाठीत सापडलेला कॅन्सर गाठीचं आवरण फोडून बाहेर आला आहे का. याला एक्स्ट्रानोडल एक्स्टेन्शन म्हणतात. याखेरीज मज्जातंतूला किंवा रक्तवाहिनीला लागलं आहे का, हेही लिहिलेलं असतं.

बाबांना पुढे काय लागेल ते मुख्यतः याच ओळींवर ठरतं. कधी फक्त नियमित तपासणी पुरते. कधी रेडिएशन लागतं. कड पॉझिटिव्ह असेल किंवा गाठीचं आवरण फुटलं असेल तर रेडिएशनच्या जोडीला किमो देण्याचा विचार होतो. २००४ साली युरोप आणि अमेरिकेतल्या दोन मोठ्या अभ्यासांनंतर ही पद्धत रुळली. म्हणून रिपोर्टमध्ये 'पॉझिटिव्ह' शब्द दिसला तर तिथेच फोन खाली ठेवून रडत बसू नकोस. त्याचा अर्थ असा की डॉक्टरांना पुढे कुठलं हत्यार उचलायचं ते कळलं.

रात्रीच्या शोधाशोधीबद्दल मी तुला रागावणार नाही. माहिती हवीशी वाटणं साहजिक आहे. पण तू जे वाचतेयस त्यात एक खोट आहे. तोंडाच्या कॅन्सरचे टप्पे ठरवण्याची पद्धतच २०१८ पासून बदलली. कॅन्सरची खोली त्यात तेव्हाच आली. त्याआधीच्या पानांवर 'दुसरा टप्पा' लिहिलेलं असेल ते आजच्या दुसऱ्या टप्प्याशी जुळेलच असं नाही. आणि ज्या रुग्णांवरून ते टक्के काढले त्यांच्यावर उपचार त्याहून कितीतरी आधी झालेले. त्यातले काही हाडात पसरल्यावर आलेले, काहींनी उपचार अर्ध्यावर सोडलेले. तुझे बाबा त्यांच्यात नेमके कुठे बसतात हे सांगणाऱ्या चार ओळी अजून लॅबमध्ये आहेत. त्या आल्याशिवाय तुझ्या डॉक्टरांनाही सांगता येत नाही, म्हणूनच ते 'रिपोर्ट आला की बोलू' म्हणाले. ते काही लपवत आहेत असं मला वाटत नाही.

टक्के म्हणजे काय ते आईच्या प्रश्नावरूनच सांगते, दोन्ही कामं होतील. आई विचारते, मानेत गाठ दिसत नव्हती तर मान कशाला कापली. हा प्रश्न आपल्याकडे घरोघरी विचारतात, आणि त्याचं उत्तर मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने दिलेलं आहे. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीच्या टप्प्यात आहे आणि मानेत गाठ लागत नाही, अशा रुग्णांचे त्यांनी दोन गट केले. एका गटात तोंडाच्या ऑपरेशनबरोबरच मानेच्या गाठी काढल्या, दुसऱ्यात गाठ दिसली तरच काढायच्या असं ठरवलं. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के हयात होते, दुसऱ्यातले ६७.५ टक्के. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. हाताला किंवा स्कॅनला न लागणारा कॅन्सर गाठीत बसलेला असू शकतो, हे त्याचं कारण. आईला हे शांतपणे समजाव. मानेवरचा तो लांब व्रण बघून तिचा जीव तुटत असणार. तो व्रण बाबांचा जीव वाचवण्यासाठीच दिला गेला आहे.

आता तोच ८० चा आकडा बघ. तो शेकडो माणसांचा मिळून आहे. त्यातला एकही माणूस ८० टक्के जगला नाही. कोणी पूर्ण बरा होऊन नातवंडांच्या लग्नात नाचला असेल, कोणी वर्षभरात गेला असेल. आकडा डॉक्टरांना उपचार निवडायला उपयोगी पडतो. बाबा किती दिवस आहेत हे तो सांगू शकत नाही, आणि या घडीला दुसरं कोणीही सांगू शकत नाही. कोणी तारीख सांगितलीच तर, तो माणूस कितीही मोठा असो, विश्वास ठेवू नकोस. रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांना विचारायचं असेल तर 'किती दिवस' असं विचारू नकोस. 'हा बरा करण्याच्या हेतूने चाललेला उपचार आहे ना, आणि परत येण्याचा धोका कमी आहे, मध्यम आहे की जास्त?' असं विचार. याचं उत्तर ते देऊ शकतात. या आजारात तो परतला तर बहुधा पहिल्या दोन वर्षांतच परततो. म्हणून पहिल्या वर्षी दर एक-दोन-तीन महिन्यांनी बोलावतात. बोलावलं की जायचं, सगळं बरं वाटत असलं तरी.

आता पाटीकडे येते. तुझ्या पत्रातली मला सर्वात जड वाटलेली गोष्ट तीच आहे.

मोठे बाबा आणि दादा प्रेमानेच ठरवत आहेत, याबद्दल मला शंका नाही. आपल्या घरांमध्ये मोठ्या माणसाच्या कानावर वाईट गोष्ट जाऊ द्यायची नाही, हे आपण प्रेमच समजतो. तरीही त्यांचा निर्णय मला चुकीचा वाटतो. बाबांनी आयुष्यभर इंजिनं उघडली आहेत. कुठला आवाज कशाचा हे त्यांना कळतं. ज्या वॉर्डात ते राहिले तिथे आजूबाजूच्या खाटांवर त्यांच्यासारखेच गाल आणि तशाच नळ्या होत्या. आपल्याला काय झालंय हे त्यांना माहीत आहे, आणि सगळे दाराबाहेर जाऊन बोलतात हेही दिसतंय. अशा माणसाला 'सगळं साफ आहे' म्हटलं आणि पंधरा दिवसांनी रेडिएशनच्या वेळी डोकं स्थिर ठेवणाऱ्या मुखवट्याच्या मापासाठी नेलं, तर त्यानंतर तुमच्या कुठल्या शब्दावर ते विश्वास ठेवतील? पुढे खरोखरच साफ रिपोर्ट येईल, तेव्हाही त्यांना तो खरा वाटणार नाही.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेत पहिला हक्क माहितीचा आहे. दादा ऐकेना तर त्याला हे सांग. पण मला कायद्यापेक्षा दुसरं म्हणायचं आहे. बाबा आत्ता बोलू शकत नाहीत. खाणं नळीने, बोलणं पाटीने, चेहरा ओळखीचा राहिलेला नाही. त्यांच्या हातात फार थोडं उरलं आहे. त्यातून स्वतःच्या आजाराची माहितीही काढून घ्यायची, हे मला बघवत नाही.

मात्र सगळं त्यांच्यावर ओतायचं, असंही मी म्हणत नाही. काही माणसांना सगळं जाणून घ्यायचं असतं. काहींना फक्त पुढे काय करायचं एवढंच हवं असतं. काही म्हणतात, मुलीशी बोला, मला नको. तिन्ही बरोबर आहेत, फक्त ते त्यांनी ठरवायला हवं, मोठ्या बाबांनी नाही. म्हणून रिपोर्ट यायच्या आधीच, आज-उद्या, घरात गर्दी नसताना त्यांच्याजवळ बस आणि म्हण: 'बाबा, रिपोर्ट अजून आला नाही, मी लपवत नाहीये. हाडाची तपासणी बाकी आहे. आला की तुम्हाला सगळं सांगू, का फक्त पुढचा उपचार सांगू, का डॉक्टरांशी तुम्ही स्वतः बोलाल?' मग गप्प बस. पाटीवर लिहायला वेळ लागतो, त्यांचं वाक्य तू पूर्ण करू नकोस. ते काहीच लिहिणार नाहीत, असंही होईल. चालेल. विचारलं गेलं, हे त्यांच्यापाशी राहील.

त्यांनी 'मरणार का?' असं लिहिलं तर? पुष्कळ मुलींना याच प्रश्नाची धास्ती असते. 'काहीतरीच काय बाबा' म्हणून पाटी पुसून टाकू नकोस. 'मला माहीत नाही बाबा, मलाही भीती वाटते, पण डॉक्टर बरं करण्यासाठीच उपचार करून राहिले आहेत' एवढं खरं बोल. डोळ्यांत पाणी आलं तर येऊ दे. त्यांनी तुला लहानपणी रडताना पाहिलंच आहे.

दादाला आणि मोठ्या बाबांना तू एकटी समजावू शकणार नाहीस असं वाटलं तर डॉक्टरांची मदत घे. ओ.पी.डी.च्या गर्दीत नव्हे. दहा मिनिटं बसून बोलायची वेळ आधी मागून घे आणि त्या बोलण्यात बाबांना खोलीत बसवायचं हे आधीच सांगून ठेव. कर्करोग रुग्णालयांत समुपदेशक किंवा समाजसेवक असतात, त्यांचीही मदत होते. आणि रिपोर्टवर मनात शंका राहिली तर त्या मेणाच्या वड्या आणि काचा मागून दुसऱ्या ठिकाणी तपासून घेता येतात. तोही रुग्णाचा हक्क आहे, त्यात डॉक्टरांचा अपमान नाही.

आईच्या रागाबद्दल. 'यांनी स्वतःच ओढवून घेतलं' असं ती म्हणते तेव्हा ती तीस वर्षांची विनवणी बोलत असते. किती वेळा खर्ऱ्याची पन्नी खिशातून काढून फेकली असेल, किती वेळा भांडली असेल. तो राग खरा आहे, तो गिळायला सांगू नकोस. फक्त बाबांच्या कानावर तो जाणार नाही एवढं बघ. त्यांनी खर्रा मरायचं म्हणून खाल्ला नाही. रात्रपाळीत जागं राहायला खाल्ला, पानठेल्यावर चार जणांत उभं राहायला खाल्ला, आणि पुढे सुटला नाही. आपल्या भागात भेटायला आलेल्या माणसापुढे चहाच्या आधी खर्रा करतात, हे तुला-मला ठाऊक आहे. ज्या गावात दर चौकात पन्नीवर खर्रा घोटला जातो, तिथे सगळा दोष एका माणसाच्या गालावर ठेवणं मला अन्यायाचं वाटतं. आईला तुझ्याजवळ बोलू दे. तिला रोज संध्याकाळी अर्धा तास घराबाहेर पाठव, टेकडीच्या गणपतीला जायचं असेल तर जाऊ दे. तेवढा वेळ बाबांजवळ तू बस.

चुलतभावाला मात्र स्पष्ट सांग: खर्रा खाऊन या खोलीत यायचं नाही. त्या वासाने बाबांना तलफ येते, आणि आता पुन्हा सुरू झालं तर तोंडात दुसरीकडे नवा कॅन्सर होण्याचा धोका वाढतो. 'मी तंबाखू कमी आणि सुपारीच जास्त टाकतो' असं तो म्हणेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालच्या अहवालात नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलं आहे. त्याला सोडायचं असेल तर १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडवण्यासाठीचा सरकारी मोफत क्रमांक आहे. आणि तोंड पूर्ण उघडत नसेल, तिखट लागलं की जळत असेल, पांढरा चट्टा असेल, तर लगेच तपासून घ्यायला सांग. तो घाबरलेला असेल तर हीच वेळ आहे.

तान्हा पोळा घरात येऊ दे. लेकरांच्या लाकडी बैलाला दरवर्षी कोण रंग देत होतं ते तू लिहिलं नाहीस, पण मेकॅनिक माणसाच्या घरात बैलाची चाकं कोण नीट करत असेल याचा अंदाज मला आहे. बैल त्यांच्यापुढे आण. चाकाला तेल घालायचं, शिंगांना बेगड चिकटवायची, एवढं त्यांना बसून जमेल. उजव्या हाताला जोर नको, कारण त्या बाजूच्या मानेवर आणि छातीवर ऑपरेशन झालं आहे. मारबत, म्हणजे आपल्याकडची पुतळ्यांची मिरवणूक, बघायला या वर्षी नेता येणार नाही, गर्दी आणि धूळ त्यांना सोसायची नाही. पण 'घेऊन जा गे मारबत' ही आरोळी मोबाइलवर ऐकवायला काय हरकत आहे? सणाचं नाव काढलं म्हणून काही अशुभ होत नाही. उलट सगळे दबून वावरतात तेव्हा आजारी माणसाला आपण घरावरचं सावट झालो असं वाटू लागतं.

रिपोर्टची वाट न बघता करायच्या काही गोष्टी आहेत. तोंड उघडण्याचा आणि खांदा हलवण्याचा व्यायाम कधीपासून आणि कसा करायचा, ते डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला आत्ताच विचार. मानेच्या ऑपरेशननंतर खांदा आखडतो, आणि रेडिएशनने तोंड आणखी कमी उघडायला लागतं, म्हणून हे लवकर सुरू करावं लागतं. नळीतून किती आणि काय द्यायचं याचा तक्ता आहारतज्ज्ञांकडून लिहून घे आणि दर आठवड्याला वजन कर. वजन घसरत असेल तर तपासणीच्या तारखेची वाट न बघता कळव. उरलेले दात दंतवैद्याला दाखवायचे असतील तर रेडिएशनच्या आधी दाखवायचे, नंतर दात काढणं अवघड आणि धोक्याचं होतं. तेही आधी तुमच्या सर्जनला विचारूनच. मान अचानक सुजली, टाक्यातून लाळेसारखं पाणी आलं, लावलेलं मांस काळसर दिसलं, ताप आला किंवा श्वास लागला, तर रात्री दोन वाजताही दवाखाना गाठायचा. पैशाबद्दल तू लिहिलं नाहीस. ऑपरेशन महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून झालं असेल तर रेडिएशनची मंजुरी कशी घ्यायची ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना याच आठवड्यात विचारून ठेव.

आणि तू. रात्री मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लाव. डोक्यात येणारा प्रत्येक प्रश्न वहीत लिही, दिवसा वाच, जो डॉक्टरांना विचारण्यासारखा असेल त्यावर खूण कर. झोप सलग येईना, जेवण जाईना, छातीत धडधड होऊ लागली तर १४४१६ वर फोन कर. तो टेली-मानस हा सरकारचा मोफत क्रमांक आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. तिथे फोन करायला रुग्ण असावं लागत नाही.

राहिला दादा. तो पुण्याहून रोज फोन करतो आणि बाबांना काय सांगायचं ते ठरवतो. रात्री नळी धुणारी तू आहेस. रेडिएशन ठरलं तर साधारण सहा आठवडे, सोमवार ते शुक्रवार, रोज न्यावं लागेल. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून तोंड सोलवटतं, गिळणं कठीण होतं, तेव्हा घरात दोन धडधाकट माणसं लागतात. ते तुला एकटीला झेपणार नाही, आणि एकटीने झेलायचंही नाही. रिपोर्टच्या दिवशी त्याने नागपुरात असावं, डॉक्टरांचं बोलणं बाबांच्या शेजारी बसून ऐकावं, आणि उपचाराच्या शेवटच्या आठवड्यांसाठी रजा आत्ताच मागून ठेवावी. ऐन पोळ्याच्या आठवड्यात गाडीचं आरक्षण मिळत नाही. त्याला आज रात्रीच फोन करून तिकीट काढायला सांग.

तुझी,
ताई